मेव्हण्याचं डुक्करशास्त्र

वाइसोमा, मोआला बेट
४ फेब्रुवारी १९७३

डुक्करविद्येचे महापंडित मेव्हणे मेसाके यांच्या चरणी (धुतलेले असले तरच, नाहीतर लांबूनच),

तुझ्या बापाचा सख्खा भाचा आणि तुझ्या बहिणीचा लग्नाचा नवरा एमोसी अजून जिवंत आहे. तुमच्या कोरो बेटावरून कोणी चौकशी केली नाही, म्हणून आपला आपणच कळवतो. खातो, पितो, अळूच्या वाफ्यात राबतो आणि संध्याकाळी रिकाम्या घरात भिंतीशी गप्पा मारतो. भिंत तुझ्यापेक्षा बरी. बोलता बोलता सर्टिफिकेट काढून दाखवत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला मान्य. वासितीला मीच बोटीत बसवून दिलं. ऑक्टोबरात पोरगा झाला, देवाची कृपा. मला न विचारता कालिओवा नाव ठेवलंत, तेही मान्य. पण आता फेब्रुवारी लागला! मामीचा निरोप काय, तर पोर अंगावर पितंय तोवर बापाची सावली पडता कामा नये, नाहीतर पोर रोडावतं. अरे, सावली पाडायला मी काय फणसाचं झाड आहे? नव्या वर्षाला चार दिवस आलो, तर मामीनं माझी चटई आजोबांच्या शेजारी टाकली. म्हातारा घोरत होता आणि घोरता घोरता माझा पाय घट्ट धरून होता. मामाची पोरगी केली की सासर घरचंच, असं सगळे म्हणाले होते. घरचंच आहे, म्हणून तर एवढे हक्काने छळतात.

दुसरं गाऱ्हाणं डुकरिणीचं. गेल्या वर्षी भाच्याच्या हक्काने तुमच्या कुंपणातून जी नेली, ती. भाच्याने बोट दाखवलं की मामाने नाही म्हणायचं नसतं. मामाने तोंड फिरवलं, तू शिव्या दिल्यास, पण नाही कोणी म्हणालं नाही. तिचं नाव मी कप्तानीण ठेवलंय. नोव्हेंबरात नऊ पिल्लं दिली. आता पाद्रीबाबांचा नर मोठ्या मानाने तिच्याकडे नेला, तर तिनं त्याचा कान फाडला. तीनदा नेला, तीनदा तेच. पाद्रीबाबा माझ्याशी रविवारपुरतेच बोलतात. तू काही मंतर घालून तर दिली नाहीस ना? तुमच्या गावचं सगळंच असं नवऱ्याला लांब ठेवणारं दिसतंय.

वासिती कधी येणार ते विचारून कळव. तू विचारू शकत नाहीस, ठाऊक आहे. ती परकर सांभाळायला लागली तेव्हापासून तुम्ही बहीणभाऊ एकमेकांशी एक शब्द बोललेला नाहीत, चांगल्या घरची लेकरं. ती पुढच्या दाराने आली की तू मागच्या दाराने पळतोस. पण तुझी बायको तर बोलते? तोरिकाला विचारायला सांग.

तुझा परित्यक्त दाजी,
एमोसी


वुनिकुरा, कोरो बेट
२१ फेब्रुवारी

लाडके दाजी,

भिंतीशी बोलतोस ते ऐकून बरं वाटलं. तिलाही कान आहेत आणि अक्कल नाही, जोडी जमली.

आधी एक तंबी. माझ्या बहिणीचा आणि डुकरिणीचा विषय एका कागदावर काढत जाऊ नकोस. तुझं पत्र मी नेहमीप्रमाणे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं. त्या ओळीला आलो तेव्हा वासिती चुलीपाशी बसलेली. मला खोटा खोकला काढावा लागला, आणि आई काढा घेऊन आली. तुझ्यापायी मी लिंबाच्या पाल्याचा काढा प्यालो.

आता डुकरिणीचं. मंतर कसला रे? सहा आठवडे नाउसोरीला सरकारी खर्चाने डुक्करपालन शिकून आलो ते काय कुंपणं बांधायला? नीट ऐक, दोनदा सांगणार नाही. पिल्लू सडाला लागतं आणि ओढतं. त्या ओढण्याची खबर अंगातून थेट मेंदूत जाते. मेंदूतून एरवी थोड्या थोड्या वेळाने एक हुकूम खाली सुटत असतो, अंडाशयाला, की चला, अंडी पिकवा. पिल्लं ओढत असली की तो हुकूम सुटतच नाही. मेंदू म्हणतो, आधी ही नऊ तोंडं भरा, दहाव्याचं मग बघू. हुकूम नाही तर अंडं नाही, अंडं नाही तर माज नाही, आणि माज नाही तर पाद्रीबाबांच्या डुकराचा कान जागेवर राहत नाही. एवढं साधं आहे. तुझी पिल्लं आता अळू खाणारी ठोंब झाली असतील, आणि तरी तू त्यांना आईला लुचू देतोस! तोड त्यांना. वेगळ्या कुंपणात घाल. आठवड्यात बघ काय होतं ते. मग माझ्या नावाने यांगोनाचा एक वाडगा पी, आणि पाद्रीबाबांची माफी माग.

हे डुकरिणीचंच नाही, गाईचं, बाईचं, सगळ्या दूध पाजणाऱ्यांचं कमीजास्त असंच आहे. आपल्या म्हाताऱ्यांना मेंदूबिंदू काही माहीत नव्हता, पण पोर अंगावर आहे तोवर नवरा लांब, हे त्यांनी बरोबर धरलं होतं. दोन्हीकडून कुलूप.

आणि आता तुझ्यासाठी गोड बातमी. मे महिन्यात आमच्या सरदारांच्या मुलीचं लग्न आहे. आमच्या आळीने केवड्याच्या चटया द्यायच्यात, आणि वासितीसारखा बारीक विणीचा हात अख्ख्या गावात नाही. पोर मांडीवर असलं तर वीण होत नाही. म्हणून आईनं दुकानातून दुधाचे डबे आणलेत. पोर दिवसभर आईकडे आणि वरच्या दुधावर, वासिती चटईवर. आईनं आधी मला विचारलं हो! माझं सर्टिफिकेट तिनं येशूच्या तसबिरीशेजारी टांगलंय, आणि हल्ली दोघांपैकी माझंच जास्त ऐकते. मी म्हणालो, खुशाल द्या, आता सुधारलेला जमाना आहे. म्हणजे बघ, पोर अंगावरचं जितकं लवकर सुटेल तितकी तुझी बायको लवकर बोटीत बसेल. तोरिकाला विचारायला सांगण्याची गरजच उरली नाही.

पाया पडायला येऊ नकोस, जागा नाही.

मेसाके


वाइसोमा
१३ मार्च

गुरुवर्य,

थट्टा मागे घेतो. सगळी नाही, अर्धी.

पिल्लं तोडली. पहिले दोन दिवस नऊ पिल्लांनी आणि त्यांच्या आईने मिळून असा काही गळा काढला की शेजारच्या म्हातारीने विचारलं, तुमच्याकडे कोण गेलं? पण आठवडा व्हायच्या आत कप्तानीण कुंपण मोडून बाहेर, आणि चक्क पाद्रीबाबांच्या अंगणात! रविवारची प्रार्थना चालू, आणि मागे खिडकीत हा सोहळा. लहान पोरं प्रार्थना सोडून तिकडेच बघत होती. पाद्रीबाबांनी उपदेश आवरता घेतला. त्यांच्या डुकराने मात्र फाटका कान विसरून मोठ्या मनाने क्षमा केली. ख्रिस्ती धर्म त्या घरात त्यालाच कळलाय.

तर मेव्हण्या, तुझं शास्त्र खरं. मी रात्रभर विचार केला, मला जे इतके महिने कळलं नाही ते सोपंच होतं की! दूध तुटलं की माणूस सुटलं. म्हणून या बोटीने एक खोकं पाठवतोय. आख्खं खोकं दुधाचे डबे आहेत. सुक्या खोबऱ्याचे आले ते सगळे त्यात घातले, तेव्हा मामीला सांग की जावई कंजूष नाही. डब्यावर जे गुटगुटीत पोर छापलंय, कालिओवा तस्साच झाला पाहिजे. आणि लवकर झाला पाहिजे. मी घराची शाकारणी करून ठेवलीय, नवी चूल घातलीय. वासितीला सांग... सांगायला सांग.

तिचं पत्र मात्र आलेलं नाही. रुसली असेल. मी नव्या वर्षाला आणलेलं कापड तिला आवडलं नव्हतं, तेव्हापासून असेल. बायकांच्या मेंदूतून कुठला हुकूम कधी सुटतो, ते तुझ्या सहा आठवड्यांत शिकवलं का रे?

तुझा शिष्य,
एमोसी


वुनिकुरा
३ एप्रिल

शिष्योत्तम दाजी,

खोकं पोचलं. आईनं ते घरात मधोमध ठेवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. "भाचा म्हणून पोरगी दिली तेव्हा वाटलं नव्हतं, पण जावई बरा निघाला," असं आज पहिल्यांदा म्हणाली. तुझं आयुष्य सार्थकी लागलं.

पण एक भानगड झालीय, आणि ती तुझ्याच गळ्यात आहे. पोर जरा रोड झालंय. पोटही बिघडतंय. गावातल्या म्हाताऱ्या जमल्या, पोराच्या मांड्या चाचपल्या आणि निकाल देऊन मोकळ्या झाल्या, की बाप आईकडे येऊन गेला. नवीन वर्षाच्या बोटीचा हिशेब काढून झाला. आता वासितीकडे सगळ्या असं बघतात की बिचारी मान वर करत नाही. आईनं तर पोराला तिच्याजवळ द्यायचंच बंद केलंय. म्हणते, दूध नासलं तिचं, ते कशाला पाजायचं? तर दाजी, मला खरं सांग. आजोबांनी पाय धरला होता तो तुझाच होता ना? की तू उशी ठेवून पसार झालास?

मी आईला म्हणालो, म्हाताऱ्यांचं सोड, पिल्लं तोडल्यावर चार दिवस रोडावतातच, मी शिकलोय. डबा थोडा जास्त दे. तिनं जास्त द्यायला सुरुवात केलीय.

तोरिका गेल्या महिन्यात ओवालाउला गेली, तिच्या बापाला बरं नाही. त्यामुळे वासितीच्या मनात काय आहे ते कळायची सोय नाही. आईला विचारलं तर आई स्वतःच्या मनातलं सांगते.

आणखी एक गंमत. वासिती हल्ली दुपारी आई निजली की पोराला उचलून आणते आणि माझ्या घराच्या पुढच्या पायरीवर बसते. तोरिका नाही, हे तिला माहीत नाही थोडंच? तरी रोज येते. मी आपला रीतीप्रमाणे मागच्या दाराने डुकरांकडे जातो. परत येऊन पाहतो तर बसलेलीच! पोर मांडीवर, नजर दाराकडे. घरात उकडत असेल, आमच्या पायरीवर वारा बरा येतो. पण त्यापायी माझी दुपारची झोप गेलीय रे. डुकरंसुद्धा मला बघून कंटाळली.

मेसाके


वाइसोमा
१६ एप्रिल

मेसाके,

आजोबांनी पाय माझाच धरला होता. पाप करायला मिळालं असतं तर निदान शिव्या तरी गोड लागल्या असत्या.

आता पुढचं बसून वाच. मोठ्याने वाचू नकोस.

वासितीचं पत्र आज मिळालं. मार्चच्या मध्यावर लिहिलेलं. लेवुका, सुवा, लाकेम्बा असा सगळा समुद्र फिरून आलं. कापडाचा त्यात शब्द नाही. तिनं काय लिहिलंय ते तसंच उतरवतो, कारण ते मला लिहिलेलं असलं तरी आहे तुझ्यासाठी.

"दादाला सांगा, पोराला डब्यातलं दूध सोसत नाही. पाऊस नाही, टाकी तळाला गेलीय, पाण्यात किडे आहेत. आई फडक्याने गाळते आणि तसंच कालवते. मी उकळ म्हणाले तर म्हणते, मी सहा पोरं वाढवली. मी म्हणाले, ती अंगावर वाढवलीस. तर म्हणते, आता मेसाके शिकून आलाय, त्यानेच सांगितलंय. पोर दिवसभर माझ्याकडे नसतं. ओढायला कोणी नाही म्हणून माझं आटत चाललंय. आई माझं ऐकत नाही, दादाचं ऐकते. तोरिका वहिनी कालच गेल्या, आता मी कोणाला सांगू? तुम्ही दादाला लिहा. तो समोरच राहतो."

कळलं? तू समोर राहतोस, आणि तिनं तुझ्यासाठीचा निरोप तीन बेटं ओलांडून माझ्याकडे पाठवला, मी तो परत तीन बेटं ओलांडून तुझ्याकडे पाठवतोय. तोवर पोर रोडावतंय, आणि आपण दोघं पत्रांतून विनोद करतोय. आणि वर मी खोकं पाठवलं! माझ्या हाताने, नारळ फोडून फोडून.

ती वाऱ्याला येत नाही रे पायरीवर, गाढवा.

आणखी एक गोष्ट आहे, जी भावाला लिहायची नसते. मी लिहितो, नंतर काय तो दंड घे. तिचं महिन्याचं परत सुरू झालंय. तुझा तो वरचा हुकूम सुटायला लागला. अंडी पिकायला लागली. तुझं शास्त्र अगदी बरोबर निघालं, अभिनंदन, आणखी एक सर्टिफिकेट टांग. माणसाच्या मेंदूला वाटलं, या आईच्या पदराखालचं पोर आता राहिलं नाही.

रेडिओवर निरोप द्यायचा विचार केला होता. मग म्हटलं, रोजच्या निरोपांत, अमक्याची बोट सुटली आणि तमक्याचा काका वारला, याच्यामध्ये अख्खा फिजी ऐकेल की वासितीचं दूध आटलं. ती मेली असती लाजेने. हे पत्र शाळामास्तरांच्या हाती देतो. ते आज आजारी माणसाला घेऊन सरकारी लाँचने सुवाला निघालेत, तिथून कोरोच्या बोटीत टाकतील. लाँचमध्ये मला जागा नाही, पाया पडून झालं. मी मागच्या बोटीने निघतोच आहे, पण ती बोट वाटेत प्रत्येक बेटाला खोबरं भरत येते.

तू बोल तिच्याशी. तोरिकाची वाट बघू नकोस, माझी बघू नकोस. मेव्हण्या, आयुष्यभर तुझी टिंगल केली, आज हात जोडतो. बोल.

एमोसी


वुनिकुरा
२७ एप्रिल
(पाठवायचा पत्ता: सुवा, आमच्या काकांच्या घरी. एमोसी वाटेत तिथे पोचला की द्यावं.)

एमोसी,

पोर आहे. आधी ते लिहितो म्हणजे पुढचं तुला वाचता येईल.

तुझं पत्र मी धक्क्यावरच उभ्याने वाचलं. घरी आलो तर वासिती पायरीवर. मी मागून आत शिरलो. तिची चाहूल लागली आणि माझे पाय आपोआप पुन्हा मागच्या दाराकडे निघाले. खोटं सांगत नाही, डुकरांच्या कुंपणापर्यंत गेलो. तिथे उभा राहिलो. मग घराला वळसा घातला आणि पुढून आलो.

तिनं मान खाली घातली, जशी घालायची असते तशी. मी पण तिच्याकडे बघितलं नाही, पोराकडे बघितलं. इतके दिवस मी ते पोर नुसतं लांबून बघत होतो रे. जवळून बघितलं तर डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, रडायचंही बंद झालेलं. मी म्हणालो, "वासिती, त्याला अंगावर घे."

मोठेपणी बहिणीशी बोललेलं पहिलं वाक्य, आणि ते हे!

ती म्हणाली, "आई घेऊ देत नाही."

"आईला मी बघतो."

"दूध राहिलं नाही दादा."

"कोरडं का असेना, ओढू दे. ओढलं की येतं."

समोरच्या चटईवरच्या बायका हातातली पानं टाकून उभ्या राहिल्या. एकीने तोंडावर हात घेतला. आई आरडाओरडा ऐकून धावत आली, म्हणजे आरडाओरडा तिचाच होता, आणि तिनं ओलं फडकं माझ्या तोंडावर मारलं. "बहिणीला असलं बोलतोस? माझ्या पोटचा ना तू?" मी म्हणालो, "आई, सर्टिफिकेट डुकरांचं आहे. माणसाचं एक अक्षर मला येत नाही. मी चुकीचं सांगितलं." तिला आधी समजेना. मग खोक्याकडे गेली, एक डबा उचलला आणि मला दाखवायला लागली, "हे पोर बघ की, हे बघ, केवढं गुटगुटीत आहे." तिला वाचता येत नाही, चित्र कळतं. तो डबा पोटाशी धरून ती खाली बसली आणि जी रडली! तिच्यावर राग धरू नकोस. ती वाईट नाही. तिनं माझं ऐकलं, एवढंच.

आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईंना होडीने आणलं. त्यांनी उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून चमच्या चमच्याने द्यायला लावलं, आणि दर थोड्या वेळाने छातीला लावायला. पहिले दोन दिवस पोराच्या अंगात ओढायचीच ताकद नव्हती. मी घाबरलो, एमोसी. इतका घाबरलो की डुकरांना खायला घालायला विसरलो. मी भिंतीच्या या बाजूला बसून होतो. आत जाता येत नव्हतं, उठवत नव्हतं. रविवारी चर्चची घंटा होत होती तेव्हा आतून पोराच्या गिळण्याचा आवाज आला. चक्क घुटघुट. आई आतून ओरडली, "पान्हा फुटला!" भिंतीबाहेर मी एकटा रडलो, बघायला कोंबड्या होत्या.

नर्सबाईंना मी माझं शास्त्र ऐकवलं. त्या म्हणाल्या, खरं आहे, पण अर्धं आहे. पोर ओढतं तेव्हा डोक्यात एक हुकूम बंद होतो, अंड्याचा, आणि एक चालू होतो, दुधाचा. तुम्ही पहिल्यावर नजर ठेवून बसलात, दुसराही त्याच दोरीला बांधलाय हे तुमच्या लक्षात नाही आलं. मी म्हणालो, बाई, ते पान होतं माझ्या पुस्तकात. पण त्यातली पिल्लं अळू खात होती. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की तू इतक्या वर्षांत दिलेल्या सगळ्या शिव्या फिक्या पडल्या.

बहिणीशी बोललो, तेही असलं, त्याचा दंड भरावाच लागणार होता. देवमाशाचा दात घेऊन गेलो, गुडघ्यावर. आजोबांनी तो तिच्या वतीने घेतला. रीतीची वाक्यं झाली, आणि मग म्हातारा म्हणाला, "या घरात बऱ्याच वर्षांनी कोणीतरी शहाण्यासारखं बोललं. दंड घेतो, पण सारखा घ्यायला लागला तर बरं होईल."

सर्टिफिकेट मी उतरवलं. आईनं पुन्हा टांगलं, या वेळी डुकरांच्या कुंपणाला.

ये लवकर.

मेसाके


वुनिकुरा (तुझ्या समोरचं घर)
१३ मे

दादा,

बहिणीने भावाशी बोलायचं नाही, असं आपल्याला शिकवलं. लिहायचं नाही, असं कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, नियम झाले तेव्हा कोणाला लिहायला येत नव्हतं, मग मनाई कुठून करणार? म्हणून लिहिते. तोरिका वहिनी परत आल्यात, त्याच तुला हे देतील. वहिनींनी एमोसीची तुला आलेली पत्रं मला दाखवली, आणि एमोसीने येताना तुझी आणली होती. सगळी एकापाठोपाठ वाचली. दोघांनी माझी आणि कप्तानिणीची अगदी सारखी काळजी घेतलीत. फरक एवढाच की तिच्या बाबतीत तुम्ही तिच्याकडे बघितलं तरी.

कालिओवा आता बरा आहे. दिवसरात्र पितो, मधे मधे चावतो. वरणासारखं पातळ केलेलं पिकलं केळं एक-दोन चमचे देते, नर्सबाईंच्या सांगण्याने. आई हल्ली पाणी उकळते. पोराचंच नाही, सगळ्यांचं. पाहुण्यांना गार पाण्यात कालवायची यांगोनासुद्धा उकळलेल्या पाण्याची करून दिली, आणि सरदारांनी एक घोट घेऊन वाडगा खाली ठेवला. चटया वेळेवर झाल्या नाहीत, दोन कमी पडल्या. लग्न तरी लागलं.

एमोसी आलेत, तुला माहीतच आहे, दिवसभर तुझ्याच घरी बसलेले असतात. मला न्यायला आलेत. मी जाणार नाही. पोराचं पोराने सोडेपर्यंत इथेच राहणार, आणि ते मी आईच्या नियमासाठी करत नाही. मला दुसरं पोर हवं आहे, पण हे पोर स्वतःच्या पायावर उभं राहिल्यावर. पोर ओढतंय तोवर अंग एरवी थोडी सवड देतं. नर्सबाई म्हणाल्या, पूर्ण भरवसा धरू नका, पोर वरचं खायला लागलं आणि महिन्याचं सुरू झालं की ती सवड संपली समजा. माझी तर तशी संपलीच, म्हणून आमच्या दोघांच्या चटयांमधलं अंतर आहेच. एमोसीला आजोबांच्या शेजारी झोपायची सवय झालीय, मला वाटतं त्यांना आवडतंसुद्धा. तूही त्यांना सांग, मोआलातलं अळू शेजाऱ्यांना खाऊ देत. घर शाकारलंय ते पुढच्या वर्षीही गळणार नाही.

आता तुझं. तू बोललास, त्याबद्दल दंड दिलास, मी घेतला. देवमाशाचा दात माझ्या पेटीत आहे, आणि मी तो कालिओवाच्या बायकोला देईन. पण दादा, तो दंड बोलल्याचा होता. तू जितक्या दुपारी उठून मागच्या दाराने गेलास, त्यांचा अजून भरलेला नाहीस. मी मांडीवर पोर घेऊन बसायचे आणि तुझी पावलं मागे मागे जाताना ऐकायचे.

तो दंड असा भर. मी लिहीन, आणि तू उत्तर द्यायचंस. बोटीची वाट बघायला नको.

तुझी बहीण,
वासिती